बोलून दाखव

परळला देवळामागच्या एका इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, बहिऱ्या मुलांची शाळा होती. तिथं पाहुणे यायचे त्या दिवशी बकुळा परब सकाळचा चहासुद्धा घेत नसे. घेतला तर पोटात राहायचा नाही.

पाहुणे वरचेवर यायचे. कुणाच्या सासऱ्याचं वर्षश्राद्ध, कुणाची साठी, कुठल्या क्लबातल्या बायकांना मधेच पुण्याची उबळ. येताना केळी आणायचे. एकेका पोराच्या हातात एकेक केळं ठेवायचं, आणि ठेवताना पोरानं कॅमेऱ्याकडं बघायचं. फोटो नीट आला नाही तर केळं परत काढून घ्यायचं आणि पुन्हा द्यायचं. एकदा एका पोरानं मधल्या वेळात केळं सोललं, तर त्याच्या पाठीत धपाटा बसला.

केळी झाली की खरा तमाशा. शाळेचे अध्यक्ष हेरंबराव एखाद्या पोराला पुढं ओढायचे आणि त्याच्या हनुवटीखाली बोट लावून म्हणायचे, “हं, बाळ. बोलून दाखव.”

बाळानं बोलायचं. “माझे नाव अमुक. मी मुका नाही. आपला आभारी आहे.” ही तीन वाक्यं पोराच्या गळ्यातून काढायला महिनेच्या महिने जायचे. बाईंच्या गळ्यावर पोराचा हात, पोराच्या गळ्यावर बाईंचा हात, मधे आरसा. आपण काय आवाज काढतोय हे पोराला कधीच कळायचं नाही. समोरच्या माणसांचे चेहरे तेवढे दिसायचे. बायका डोळ्याला पदर लावायच्या, पुरुष टाळ्या पिटायचे, आणि पोर घामाघूम होऊन जमिनीकडं बघत राहायचं. ही वाक्यं बसवून घ्यायचं काम बकुळाकडं होतं. संध्याकाळी घरी गेल्यावर ती चूळ भरभरून थुंकायची.

“गे, इतका काय खाल्लंस?” तिची आई विचारायची.

“शेण,” बकुळा म्हणायची.

बकुळा लालबागची. पस्तिशी ओलांडलेली, उंच, हाडापेरानं दणकट, डाव्या भुवईवर लहानपणी नळावर पडल्याची खोक. लग्न झालं नव्हतं. का झालं नाही असं कोणी विचारलं तर ती म्हणायची, “तुमचं होऊन काय उजेड पडला?” शाळेतली पोरं तिचं नाव घ्यायची ती भुवईवर नखानं आडवी रेघ मारून. अर्थात चोरून. कारण हातांनी बोलायला त्या शाळेत बंदी होती.

हेरंबराव गिरगावचे. पदरचं घालून शाळा चालवायचे, आजारी पोराला स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात न्यायचे. माणूस वाईट नव्हता, आणि बकुळाची पंचाईत नेमकी तिथं होती. वाईट माणसाला शिव्या घालून मोकळं होता येतं. पण या चांगल्या माणसाची एक पक्की समजूत होती, की हातवारे माकडं करतात, माणसं बोलतात. वर्गात कोणाचे हात हलले की पट्टी बसायची. काही पोरं तर हात मांडीखाली दाबून बसायची, थंडी वाजल्यासारखी.

आणि बकुळाच्या घरात तर सगळं हातांनीच चालायचं. तिचे वडील, नाना, गिरणीत साचेवाले. साचेखात्यात शेकडो माग एकदम खडखडायचे. तिथं शेजारच्या माणसानं कानाशी तोंड नेऊन बोंब मारली तरी ऐकू यायची नाही. म्हणून तिथल्या लोकांनी आपली वेगळी भाषा काढलेली. दोन चिमटी एकमेकींपासून दूर नेल्या की धागा तुटला. मिशीला पीळ दिला की जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, येतोय. पोट दाबून अंगठ्यानं मागं दाखवलं की, संडासला चाललो, माझे साचे बघ. आयुष्य साच्यावर घालवून नानांचे कान गेले, आणि हीच भाषा घरात आली. बकुळा जेवण वाढतानासुद्धा हातानं विचारायची, आणखी भात?

तर अशी बाई, अशा शाळेत.

जयवंत तिच्या वर्गात आला तेव्हाच तिला कळलं, हे पोर साच्यावरचं आहे. कारण त्यानं हेरंबरावांना बघून नसलेल्या मिशीला पीळ दिला. त्याचा बाप कुशाबा साचेवाला, गाव मालवणकडचं. आई शेवंती खाणावळ चालवायची, गिरणीतले गडी तिच्याकडं जेवायला. घरात पोराशी सगळे साचेखात्याच्या भाषेत बोलायचे, त्यामुळं पोर तल्लख होतं, चेष्टेखोर होतं, आणि शाळेत पट्ट्या खाण्यात पहिलं होतं.

अकराएक वर्षांचा असताना त्याला ‘बोलून दाखव’साठी उभं केलं. त्यानं तोंड उघडलं नाही. हेरंबरावांनी हनुवटी वर केली. त्यानं दातांनी ओठ धरला तो रक्त येईस्तोवर. एक पाहुणीबाई किंचाळली. बकुळानं त्याला उचलला आणि पाण्याच्या टाकीमागं नेला. तिथं पोर रडलं. बहिरं पोर रडतं तेव्हा डोळे मिटून घेतं आणि मग त्याच्याशी बोलायचा रस्ताच बंद होतो. तिनं थांबून वाट बघितली. डोळे उघडल्यावर तिनं हातांनी सांगितलं, “पुन्हा नाही. मी तुला हे करायला कधी सांगणार नाही.”

“कधीच?”

“कधीच.”

त्या दिवसापासून तो तिचं ऐकायला लागला. वर्गात तिनं तोंडी शिकवलं आणि बाकीचं दाराआड हातांनी. तो दहावीपर्यंत आला.

दहावीची पोरं सुटायची वेळ आली की मार्चात पालकांना बोलावून ‘पुढे काय’ ठरवायचे. हा दिवस बकुळाला केळ्यांच्या दिवसाहून घाण वाटायचा. टेबलाच्या एका बाजूला हेरंबराव आणि कमिटी, दुसऱ्या बाजूला आईबाप, आणि ज्याच्या जन्माचं ठरतंय ते पोर भिंतीशी उभं. सगळ्यांचे ओठ हलतायत. पोर या तोंडाकडून त्या तोंडाकडं बघतंय. मुलगा असेल तर मेणबत्त्या. मुलगी असेल तर शिवण. मेणबत्त्यांची खोली शाळेच्याच गच्चीवर होती. पत्र्याखाली मेणाचा कोंदलेला वास, आणि शाळा सोडून गेलेली मोठी मोठी पोरं तिथं वाती बुडवत बसलेली. दिवाळीला क्लबातल्या बायका त्या मेणबत्त्या घ्यायच्या. पेटवायच्या की नाही कोण जाणे.

जयवंतची पाळी आली तेव्हा गिरण्यांचा संप लागून दोन-तीन महिने झाले होते. बकुळानं त्याला आदल्या दिवशीच जिन्यात गाठून विचारलं होतं, तुला काय करायचंय? पोर गोंधळलं. हा प्रश्न त्याला जन्मात कोणी विचारला नव्हता. मग त्यानं खिशातून लोखंडाची एक कुरळी साल काढून दाखवली. लालबागच्या एका गल्लीत लेथचा कारखाना होता. शाळेतून जाताना तो दाराची चौकट धरून उभा राहायचा, चौकटीतून यंत्राची थरथर हातात यायची. बटाट्याची साल निघावी तसं लोखंड सोलतात, त्यानं सांगितलं. मला ते.

बकुळानं चपला झिजवल्या. वडाळ्याच्या एका कारखानदाराची शिकाऊ पोरांसाठी शाळा होती. तिथला म्हातारा मास्तर म्हणाला, पाठवा, हात बघतो, कान काय करायचेत? जागा झाली. आणि कुशाबानं नाही म्हटलं.

“बाई, तुम्ही साचेवाल्याची चेडू. तुमका काय सांगूचा?” तो तिला समजावत होता. “साचेखात्यात कोणाक ऐकूक येता? सगळेच भैरे! थंय माझो झील माणसात माणूस. कोण त्येका बिचारो म्हणूचो नाय.”

“गिरणी बंद आहे, कुशाबा.”

“आज नाय तर फाल्या सुरू होतली. जॉबरान शब्द दिल्यान हा, माझ्या जागेर जयो. आता ह्येका दुसरीकडं घातलंय तर जॉबर काय म्हणतलो? कुशाबाच्या पोराक गिरणी नको. मगे? जागा दुसऱ्याच्या पोराक जातली.”

हा हिशेब गिरणगावाबाहेरच्या कोणाला पटला नसता. पण इथं घराघरात लोक असाच हिशेब करत होते. पोरांना दुसरीकडं चिकटवलं तर बापाच्या जागेवरचा हक्क जातो, म्हणून पोरं घरी बसवलेली. बकुळाला कुशाबाचा राग आला, आणि त्याहून वाईट म्हणजे त्याचं म्हणणं तिला आतून पटलंही. अख्ख्या मुंबईत बहिऱ्या माणसाला बहिरा न म्हणणारी एकच जागा होती, आणि तिला कुलूप होतं.

वडाळ्याची जागा गेली. जयवंत घरी बसला. संप लांबला. शेवंतीच्या खाणावळीतले गडी एकेक करून गावी गेले, चूल घरापुरती उरली. मग हेरंबरावांनीच मोठ्या मनानं सांगितलं, पोराला मेणबत्त्यांना पाठवा, दोन वेळचं जेवण शाळा देईल. पोटापुढं कुशाबा काय बोलणार. पोर गच्चीवर गेलं.

बकुळा रोज मधल्या सुट्टीत वर जायची. मेणाच्या वाफेत जयवंत बसलेला असायचा, बोटांना मेणाची पांढरी कातडी चढलेली. आधी तो चेष्टा करायचा, एक मेणबत्ती मिशीसारखी धरून हेरंबराव व्हायचा. मग चेष्टा बंद झाली. मग हात बंद झाले. काय रे, असं विचारलं तर खांदा उडवायचा. पाहुणे आता गच्चीवरही यायचे. एक बाई मेणबत्त्यांचा वास घेत म्हणाली, “किती शांत असतात ना हे! आमच्या घरचे नोकर असे हवेत.”

बकुळा खाली आली आणि मोरीत ओकली.

पुढचा उन्हाळा आला. संप मिटला असं कोणी म्हणालं नाही, आणि चालू आहे असंही कोणी म्हणेना. एक दिवस कुशाबा शाळेच्या दारात उभा. दाढी वाढलेली.

“बाई, जॉबर गावलो,” तो म्हणाला. “लालबागच्या मंडईभायर. गाडीर कांदे घेऊन बसलो हा. माका बघून तोंड फिरवल्यान.” मग म्हणाला, “खंय पण घाला आता जयोक.”

“खंय पण?” बकुळा कडाडली. “पोर आहे की गोणपाट, खंय पण घालायला? गेल्या वर्षी जागा होती तेव्हा तुमची जीभ लांब होती. आता वडाळ्याचा मास्तर गेला गावी, ती शाळापण अर्धी बंद.”

कुशाबानं मान खाली घातली, तेव्हा बकुळालाच शरम वाटली.

एक सरकारी तंत्रशाळा उरली होती. मुलाखतीला बकुळा पोराला घेऊन गेली, कुशाबा बाहेर बाकावर बसला. तिथले अधीक्षक जाडे, घामेजलेले, कपाळाला गंध. त्यांनी जयवंतकडं एकदा बघितलं आणि पुढचं सगळं बकुळाशी बोलले.

“बाई, मला वाईट वाटतं. पण यंत्राचा आवाज यायला नको? उद्या हात गेला तर?”

“ऐकू येणाऱ्यांचे जात नाहीत?”

“तसं नव्हे. पण ह्याला समजतं तरी का काही?”

“विचारा त्याला. मी सांगते त्याला हातानं.”

“हातानं!” अधीक्षक हसले. “म्हणजे तुमच्या मनातलं तुम्ही सांगणार. अहो, बोलता येत नाही तो शिकणार काय? मेणबत्त्यांचं वगैरे बघा ना. शांत काम.”

तिनं त्याचे गणिताचे मार्क दाखवले. ड्रॉइंग दाखवलं. अधीक्षकांनी पाव मिनिट बघितल्यासारखं केलं आणि घड्याळ बघितलं. शिपायानं पुढच्या मुलाला हाक मारायला दार उघडलं. बकुळाला दिसलं, हे दार आता बंद होणार आणि हे पोर गच्चीवर जाणार, म्हातारं होईस्तोवर. या माणसाला गणित नकोय, ड्रॉइंग नकोय. त्याला काय हवंय ते तिला ठाऊक होतं. ते देण्याचा धंदा ती वर्षानुवर्षं करत होती.

ती जयवंतकडं वळली. हात छातीशी धरून, अधीक्षकांना दिसू नये असे, ती म्हणाली, “बोलून दाखव.”

जयवंतनं तिच्याकडं बघितलं. त्याला वाटलं आपण चूक बघितलं. त्यानं भुवया वर केल्या.

“बोल,” ती पुन्हा म्हणाली. “ती तीन वाक्यं.”

त्याच्या जबड्याची शीर हलली. वाटलं आता ओठ चावणार. मग तो सरळ उभा राहिला, हात मांड्यांना चिकटवले, आणि तोंड उघडलं.

“माजे नाव जयवंत. मी मुका नाई. आपला आभाई आए.”

गंजलेल्या पत्र्यावरून खिळा ओढावा तसा आवाज. अधीक्षक खुर्चीतून अर्धवट उठले. त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. “अरे वा! अरे, हा तर बोलतो! आधी नाही का सांगायचं, बाई?” त्यांनी टेबलाला वळसा घातला आणि जयवंतच्या गालावर थापट्या मारल्या. “घेऊ आपण ह्याला. लेथवर ना? टर्नर करू. पुन्हा एकदा म्हण बरं, बाळ.”

जयवंतनं पुन्हा एकदा म्हटलं.

बाहेर कुशाबानं हात जोडले, डोळे पुसले. बकुळानं जयवंतच्या खांद्याला हात लावला. त्यानं डोळे मिटून घेतले. रस्ताभर तो तिच्या दुसऱ्या बाजूनं चालला, मान वळवून. ती समोर आली की तो दुकानांच्या पाट्या बघायचा. ऐकणाऱ्या माणसाशी भांडण झालं तर निदान त्याच्या पाठीला तरी चार शब्द सुनवता येतात. इथं तीही सोय नाही. परळच्या नाक्यावर ती हात हवेत धरून उभी राहिली आणि येणारेजाणारे तिच्याकडं बघत गेले.

तो लेथ शिकायला लागला. चांगला शिकतोय, असं कुशाबाकडून कळायचं. बकुळा त्यांच्या घरी गेली की जयवंत खाली उतरून जायचा. शेवंती म्हणायची, “बाईंनू, मनार घेव नका, झील वायच रागीट.” बकुळा म्हणायची, “राग नाय गे तो. घाण वाटता त्येका माझी. माका पण वाटता.”

दुसऱ्या वर्षी हेरंबरावांनी शाळेचा वाढदिवस काढला, दादरच्या एका हॉलमध्ये, मोठे देणगीदार बोलावून. त्यांनी बकुळाला बोलावून सांगितलं, “परबबाई, आपला जयवंत टर्नर झाला. शाळेचं नाव काढलं. स्टेजवर आणा त्याला. चार वाक्यं बोलेल.”

“विचारते,” बकुळा म्हणाली.

“विचारायचं काय त्यात? आणा.”

ती तंत्रशाळेच्या फाटकाशी दुपारच्या सुट्टीत उभी राहिली. जयवंत बाहेर आला, निळ्या कपड्यांत, हात तेलानं काळे. तिला बघून वळणार तेवढ्यात तिनं रस्त्यातच, सगळ्यांसमोर, दोन्ही हात मोठे करून सांगितलं, “न्यायला नाही आले. विचारायला आलेय.”

तो थांबला.

तिनं सगळं सांगितलं. हॉल, देणगीदार, वाक्यं. शेवटी म्हणाली, “तू सांगशील ते मी त्यांना सांगेन. एक शब्द बदलणार नाही.”

जयवंतनं तिच्याकडं नीट बघितलं, त्या मुलाखतीनंतर पहिल्यांदाच. आधी विचारलं, “तुला काय वाटतं?”

“मला विचारू नकोस. मागच्या वेळी मला वाटलं ते केलंस.”

त्यानं तेलकट हात हवेत कापल्यासारखा आडवा मारला. नाही. मग आणखी एकदा, जोरात. नाही. त्या ‘नाही’त त्याला चव आल्यासारखी वाटली, कारण तो तिसऱ्यांदाही म्हणाला आणि जरासा हसला.

“तो नाही म्हणाला,” बकुळानं हेरंबरावांना सांगितलं.

“म्हणाला?” हेरंबराव चष्म्यावरून बघत राहिले. “कसा म्हणाला?”

“हातानं म्हणाला. तीनदा.”

“बाई, तुम्ही मुलांना बिघडवता.”

“हो,” बकुळा म्हणाली. “आणि आता दहावीच्या सगळ्यांना मी आधी विचारणार आहे. त्यांचे हात सोडून. मग तुम्ही मला काढा.”

लगेच नाही, पण काढलं त्यांनी तिला, पुढच्या मार्चात. पोरं मात्र तिच्या घरी यायला लागली, बापांना ओढून आणायला लागली. काय करायचंय हे आधी पोरानं सांगायचं, बापानं मागनं बोलायचं, असा तिचा कायदा. कोणाचं जमलं, पुष्कळांचं जमलं नाही. गिरण्या तर उघडल्या त्या नावाला, आणि कुशाबा एका इमारतीच्या दारात वॉचमन म्हणून बसायला लागला.

पण दादरच्या हॉलचं सांगायचं राहिलं. बकुळा त्या दिवशी मागच्या रांगेत बसली होती. पडदा सरकला. स्टेजवर निळा शर्ट घातलेला, हातात नवाकोरा पाना धरलेला एक मुलगा. गच्चीवरचाच, मेणबत्त्यांतला. हेरंबरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “हाच तो आमचा जयवंत! हं, बाळ.”

“माजे नाव जयवंत,” त्या पोरानं म्हटलं. हॉल टाळ्यांनी दणाणला. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं गळ्यातल्या रुमालात नाक शिंकरलं. कोणाला काय फरक पडत होता? बहिरं पोर ते बहिरं पोर. हा काय आणि तो काय.

बकुळा उठली ती थेट लालबागला. रविवार होता, जयवंत घरी होता. तिनं दारातच, चप्पल न काढता, सगळं सांगितलं. पाना कसा धरला होता ते करून दाखवलं. शेवंती “मेल्यांचा तळपाट होवो” म्हणून बोटं मोडायला लागली. कुशाबा कपाळाला हात लावून बसला. जयवंतचा चेहरा आधी दगडासारखा झाला. मग कुठूनतरी हसू फुटलं, आवाजासकट, असलं खरखरीत हसू की शेजारीण डोकावली. हसता हसता त्यानं डोळे पुसले आणि बकुळाला विचारलं, “मी नीट बोललो का?”

बकुळानं नाक धरलं.

“घाण,” ती हातांनी म्हणाली. “एकदम घाण.”